खाच आडवी की उभी

प्रश्न चारच शब्दांचा होता. 'खाच आडवी की उभी?' तो ज्यांनी विचारला ते गृहस्थ आयुष्यभर आठ पायांच्या कोळ्यांचा अभ्यास करून आता निवृत्त झालेले आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांची वाक्ये अधिकच आखूड झाली आहेत. मी त्यांना व्हरांड्यातल्या दिव्याजवळ जाळे विणणाऱ्या एका तपकिरी मादीचे छायाचित्र पाठवले होते आणि त्याखाली, विचारण्याऐवजी सांगावे अशा थाटात, 'अरेनिअस' हे कोळ्यांच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव, एवढेच लिहिले होते. शाबासकीची अपेक्षा होती असे मी म्हणणार नाही, पण दुजोऱ्याची नक्कीच होती. मी छायाचित्र मोठे करून पाहिले. आठही पाय दिसत होते, पायांवरची गडद कडी दिसत होती, पोटाच्या पाठीवरची नक्षी दिसत होती, एका पायाला चिकटून राहिलेला कुठल्याशा पतंगाचा पंखसुद्धा दिसत होता. पाठीवरची ती खाच मात्र कुठेच दिसेना, आणि ती छायाचित्रात यावी असे कॅमेरा हातात घेताना माझ्या मनातही आले नव्हते.

आदल्याच दिवशी हेच नाव मी भाचीला सांगून मोकळा झालो होतो, आणि तिने ते वहीत शाईच्या पेनाने लिहून घेतले होते.

ती मादी दिवसा सहसा दिसत नसे. छपराच्या वाशाला पन्हळ जिथे टेकते त्या सांध्यात ती पाय अंगाशी ओढून, वाळलेल्या चिखलाच्या गोळीसारखी बसून राही, आणि ती तिथे आहे हे ठाऊक असूनही नजर दोन-तीनदा तिच्यावरून घसरून जाई. अंधार दाट झाला की ती गोळी सुटे. आधी पुढचे दोन लांब पाय बाहेर येत, हवेत थोडे चाचपडत, मग ती वाशापासून कुंडीतल्या काटकीपर्यंत गेलेल्या एकुलत्या एका धाग्यावरून चालू लागे. असा पहिला धागा वाऱ्याच्या भरवशावर पडलेला असतो. कोळी उंच जागी उभा राहून धागा सोडतो, वारा तो वाहून नेतो, पलीकडे तो कुठेतरी अडकला की ओढून पाहून त्याची खात्री करून घेतली जाते. त्या पुलाच्या आधाराने ती चौकट बांधी आणि मध्यापासून चौकटीपर्यंत आरे टाकी. एका रात्री मी ते मोजले तेव्हा 19 भरले, दुसऱ्या रात्री 21. आरे झाले की ती मध्यापासून बाहेर जात विरळ फेऱ्यांचा एक कोरडा धागा टाके. ही केवळ परांची असते. खरा चिकट धागा ती नंतर काठापासून आत येत अंथरी, आणि तो अंथरताना परांचीचा एकेक फेरा काढून टाकत जाई. पुढचा पाय आधीच्या फेऱ्याचे अंतर मापून घेई, मागचा पाय शेपटाकडून धागा ओढून आऱ्यावर टेकवी आणि सोडून देई. मापायचे, ओढायचे, टेकवायचे, या तालात सुमारे पाऊण तास जाई. डोळे आठ असले तरी या कुळातल्या कोळ्यांची नजर अधू असते, त्यामुळे हे सारे काम स्पर्शाच्या भरवशावर चालते आणि दिवा बंद केला तरी त्यात फरक पडत नाही. तयार जाळ्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा हमखास मोठा असे, कारण मध्यावर डोके खाली करून बसलेल्या कोळ्याला वर चढण्यापेक्षा खाली धावणे सोपे जाते. पहाटे ती हे सगळे गुंडाळून खाऊन टाकी. पुलाचा धागा तेवढा राही. खाल्लेल्या रेशमातली प्रथिने पुढच्या रेशमासाठी कामी येतात, त्यामुळे आज रात्री डोळ्यांसमोर चमकणाऱ्या धाग्यात कालच्या जाळ्याचाही अंश असतो.

या प्राण्यासाठी मराठीत पुरेसे शब्द आहेत का, असा विचार मी जाळे पाहताना पुष्कळदा केला आहे. मासे पकडणारा आणि माश्या पकडणारा, दोघेही आपल्याकडे कोळीच. मादीला कोळीण म्हणावे तर ऐकणाऱ्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहते, म्हणून मी या लेखात तिला नुसते मादी म्हणतो आहे आणि ते मला थोडे रुक्ष वाटते आहे. जाळ्याच्या बाबतीत मात्र भाषेने बारीक नजर ठेवलेली आहे. जळमट हे धुळीने माखलेले, टाकून दिलेले, झाडूने काढायचे. जाळे हे वापरातले. त्या व्हरांड्यात दोन्ही होती, आणि घरातल्या कोणीही त्यांची कधी गल्लत केली नाही. संस्कृतातला ऊर्णनाभ हा शब्द तर एक लहानसे वर्णनच आहे, ज्याच्या नाभीत लोकर आहे तो. धागा नाभीतून येत नाही, पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या तनित्रांमधून येतो. तरीही ज्याने हा शब्द पहिल्यांदा योजला त्याने वाकून, पुष्कळ वेळ, नीट पाहिले असले पाहिजे. मी तेवढेही पाहिले नव्हते.

अरेनिअस हे नाव तोंडी बसण्याचे कारण साधे होते. पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रूस असलेला युरोपातला बागेतला कोळी, अरेनिअस डायाडेमाटस, कोळ्यांवरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात भेटतो. त्याचे हे नाव कार्ल क्लर्क या स्वीडिश अभ्यासकाने 1757 मध्ये ठेवले. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना लिनियसच्या 1758 सालच्या ग्रंथापासून होते, त्याआधीची नावे धरली जात नाहीत. या नियमाला क्लर्कच्या कोळ्यांचा तेवढा अपवाद आहे. पंक्तीत सर्वांच्या आधी बसायचा मान कोळ्यांना मिळाला, याचे मला उगीचच बरे वाटते. चक्राकार जाळे विणणाऱ्यांच्या या कुळात आज 3,000 हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. पूर्वी त्यांतल्या कितीतरी दोन-तीन मोठ्या प्रजातींच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांच्या, पोत्यांत भरलेल्या असत, आणि मग एकेक अभ्यासक येऊन त्या पोत्यांतून मुठीमुठीने जाती बाहेर काढून वेगळ्या ठेवत गेला. निओस्कोना ही प्रजाती फ्रेंच अभ्यासक यूजेन सिमाँ यांनी अशीच वेगळी काढली. बाहेरून पाहिले तर निओस्कोना आणि अरेनिअस ही चुलत भावंडे वाटावीत. तोच गोलसर पोटाचा बांधा, तेच काटेरी केसाळ पाय, डोळ्यांची तीच मांडणी, म्हणजे मधे चार डोळ्यांचा चौकोन आणि दोन्ही कडांना दोन-दोन डोळे जवळजवळ. फरक डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाच्या पाठीवर असतो. तिथे मध्यावर एक लहानशी खाच असते. अरेनिअसच्या मादीत ती आडवी आणि निओस्कोनात उभी.

ही खाच म्हणजे नुसती खूण नव्हे, हे मला नंतर कळले. कोळी भक्ष्य चावून गिळत नाही. तो त्याच्यावर पाचक रस सोडतो, त्याचा द्रव करतो आणि तो द्रव शोषून घेतो. शोषणाऱ्या जठराला ओढून फुगवणारे स्नायू आतल्या बाजूने ज्या ठिकाणी पाठीच्या कवचाला बांधलेले असतात, तिथे बाहेरून ही खाच पडते. पतंग रेशमात गुंडाळून ती तासभर स्थिर बसलेली असे तेव्हा त्या खाचेखाली पंप चालू असे, आणि मी बाहेरून तिच्या पोटाच्या नक्षीचे फोटो काढत असे.

खाच पाहण्याची पहिली संधी आयतीच आली असे मला वाटले. एका सकाळी पन्हळीजवळ, नेहमीच्या सांध्याच्या थोडे खाली, एका धाग्याला तिची कात लोंबत होती. कोळ्याने कात टाकताना पाठीचे कवच डबीच्या झाकणासारखे वर उचलले जाते आणि त्या वाटेने तो आपले आठही पाय, मोज्यातून काढावेत तसे, एकेक करत ओढून घेतो. मागे राहतात ते पायांचे पोकळ साचे, केसांसकट आणि नखांसकट. मी ती कात चिमट्याने कागदावर घेतली. ती एवढी हलकी होती की श्वास सोडताना तोंड बाजूला करावे लागले. भाची शेजारी उभी होती. झाकण उजेडात धरले, दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले, आणि मध्यावर एक बारीक रेघ दिसली. उभी. मी आनंदाने तसे कळवले. उत्तर आले, 'ती मागच्या वयाची. आताची पाहा.' त्यात त्यांचे चूक नव्हते. पुढे त्यांनी, स्वतःच्या मानाने विस्ताराने, हेही समजावले की अरेनिअसच्या नरात खाच उभी असते, म्हणून ती कोणाची आणि कोणत्या वयाची हे ठरल्याशिवाय नुसत्या रेघेवर विसंबू नये.

'मामा, म्हणजे वहीत खोडायचं का नाही?' भाचीने विचारले. मी थांब म्हणालो.

तिला पकडावे लागले. पारदर्शक झाकणाची लहान डबी, तळाशी मऊ स्पंज, एवढीच सामग्री लागते. कोळ्याला डबीत घेऊन स्पंज हलकेच वर सरकवला की तो झाकण आणि स्पंज यांच्यामध्ये अलगद दाबला जातो आणि क्षणभर निश्चल होतो. लिहिताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात माझे हात थरथरत होते, कारण तिचे पोट भरल्या द्राक्षासारखे ताणलेले होते आणि जरासा जोर अधिक झाला असता तर ते फुटले असते. भिंगाखाली आधी पांढरट केसांचे जंगल दिसले, त्यात कडांना गडद पट्टे, मध्ये आणखी एक गडद पट्टा, आणि त्या पट्ट्यात बुडालेली, नीट दिसण्यासाठी डबी तिरपी करावी लागली अशी, उभी खाच. कोणीतरी नखाने ओढावी तेवढीच. मी भाचीला भिंग दिले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, 'ती आपल्याकडे बघतेय.' अधू नजर वगैरे मी तिला काही सांगितले नाही. डबी वाशाशी नेऊन उघडली. मादी एका धाग्यावर खाली घसरली, कुंडीच्या काठाशी थांबली, आणि त्या रात्री तिने जाळे विणले नाही. दिव्याभोवतीची पाखरे त्या रात्री निर्धास्त फिरली. मी मात्र तीन वेळा बाहेर येऊन पाहून गेलो.

निओस्कोना एवढे ठरले. पण ते अर्धेच नाव. या प्रजातीत शंभरावर जाती आहेत. पुष्कळशा तपकिरी आणि पुष्कळशा एकाच जातीत इतक्या निरनिराळ्या रंगांच्या असतात, की रंगावर भिस्त ठेवणारा फसलाच म्हणून समजावे. जातीचे नाव खात्रीने सांगायचे तर पोटाच्या खालच्या अंगाला पाहावे लागते. श्वसनाच्या पुस्तक-फुप्फुसांच्या पातळीवर, दोहोंच्या मधोमध, मादीच्या जननछिद्रावर एक कठीण पट्टी असते. अभ्यासक तिला एपिजिन म्हणतात. ती शेवटची कात टाकल्यानंतरच पूर्ण होते. त्याआधीची मादी कितीही मोठी दिसली तरी तिच्या जातीचे नाव बहुधा सांगता येत नाही, आणि जी कात मी जपून ठेवली होती तिच्यावर म्हणूनच ती पट्टी नव्हती. आता मादीच्या अंगावर ती होती, निओस्कोनात असते तशी, मागे झुकलेल्या लहान जिभेसारखी. एकीला दुसरीपासून वेगळे करणाऱ्या गोष्टी मात्र त्या जिभेच्या कडांवरच्या कंगोऱ्यांत आणि आतल्या वळणांत असतात. त्या पाहायच्या तर नमुना अल्कोहोलमध्ये घालावा लागतो, पट्टी सुटी करून लवंगेच्या तेलात पारदर्शक करावी लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या आकृत्यांशी ताडून पाहावी लागते.

'बाटली आहे का?' असा पुढचा प्रश्न आला.

बाटली होती. या प्रश्नाने मला जो त्रास दिला त्यात माझा काही मोठेपणा होता असे कोणी समजू नये. संध्याकाळी हातावर बसलेला डास मी विचार न करता मारतो, आणि मुंग्यांचे तर मला काहीच वाटत नाही. शिवाय त्या गृहस्थांचे म्हणणे चुकीचे नव्हते. जगातल्या कोळ्यांच्या यादीत एप्रिल 2022 मध्ये 50,000 जाती पूर्ण झाल्या, आणि त्या यादीतले जवळपास प्रत्येक नाव कुठल्यातरी संग्रहालयात अल्कोहोलात बुडालेल्या एखाद्या देहाला बांधलेले आहे. कोणीतरी बाटली उघडली म्हणून मला भाचीसमोर मिरवायला नाव मिळाले. गंमत अशी की त्या बाटलीत पिवळे, तांबडे, हिरवे रंग हळूहळू विरतात आणि सगळे कोळी कालांतराने एकाच फिक्या, वाळल्या पानाच्या रंगाचे होतात. पट्टीचे कंगोरे जसेच्या तसे टिकतात. म्हणून जुन्या वर्णनांत कित्येकदा पट्टीवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात आणि रंगावर एक ओळ, तीही नमुन्याच्या, जिवंत कोळ्याच्या नव्हे.

मी उत्तर दिले नाही. दोन दिवस तो संदेश तसाच राहिला. त्या दोन दिवसांत जाळ्याच्या काठाशी एक नर येऊन बसला होता, तिच्या मानाने हडकुळा, तोंडाजवळचे दोन लहान पाय टोकांना मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे फुगलेले. नराची ओळख त्या हातमोज्यांच्या रचनेवरून पक्की होते, म्हणजे नियतीने मला दुसरा पुरावाही दाराशी आणून दिला होता. तो एक धागा पुढच्या पायाने छेडे, थांबे, पुन्हा छेडे. ती मध्यावरून एकदा त्याच्या दिशेने वळली तेव्हा तो धाग्यावरून खाली पडला आणि मिनिटभराने पुन्हा वर आला. दुसऱ्या रात्री तो नव्हता. गेला की तिने खाल्ला, ते कळण्यासाठी मी जागा राहायला हवे होते.

बाटली न काढता जेवढे करता येईल तेवढे करावे, म्हणून मी वर्णन लिहायला बसलो, आणि इथे मी खरा अडलो. नाव सांगताना तपकिरी हा एकच शब्द मला पुरला होता. आता भाचीच्या वहीत लिहायचे म्हटल्यावर पोटाचा रंग कोणता, हे सांगता येईना. बदामी म्हणावे तर त्यात राखाडी होता. काथ्या म्हणावे तर कडांना विटकरी झाक होती. मातकट हा शब्द बरा वाटला, पण दिवा लावला की त्या मातकट रंगावर पिंगट तेज चढे आणि शब्द खोटा पडे. पाठीवर वाळक्या पानासारखी, नागमोडी कडांची आकृती होती. तिच्या मधोमध फिकट पट्टा, पण तो सलग नव्हता, तीन ठिकाणी तुटलेला होता. पोटाखाली काळपट डाग आणि त्याच्या दोन्ही अंगांना पांढरे स्वल्पविराम. पायांवर कडी, पण पहिल्या पायावरची गडद आणि तिसऱ्यावरची पुसट. तिसरा पाय सर्वांत आखूड. एवढे लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या, आणि प्रत्येक संध्याकाळी आदल्या दिवशीची एखादी ओळ खोडावी लागली. 'पोट गोल' असे पहिल्या दिवशी लिहिले होते. ते गोल नव्हते. पुढच्या बाजूला किंचित रुंद आणि मागे निमुळते होते, आणि जेवल्यानंतर तेही खरे उरत नसे. भाची कंटाळून निघून गेली होती. मलाही मधून मधून बाटलीची आठवण येत होती, हे कबूल केले पाहिजे. एकदा काय ते नाव कळले असते तर ही सगळी ओढाताण कोणीतरी आधीच करून ठेवलेली सापडली असती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पुलाचा धागा सैल पडलेला होता. मादी सांध्यात नव्हती, कुंडीखाली नव्हती, वाशाच्या मागे नव्हती. या कोळ्यांच्या माद्या दुमडलेल्या पानांच्या आड मऊ रेशमी वेष्टनात अंडी घालतात, म्हणून मी जवळची पाने उलटून पाहिली आणि काही मिळाले नाही. रात्रीचा एखादा पक्षी, पाल, एखादी गांधीलमाशी, काहीही असू शकते. किंवा ती नुसती दुसरीकडे गेली असेल. भाचीच्या वहीत अरेनिअस खोडून त्याच्या डोक्यावर निओस्कोना असे लिहिले आहे, पुढे दुसऱ्या नावासाठी जागा रिकामी सोडली आहे, आणि खाली माझे वर्णन आहे, 'पोट गोल' या शब्दांवरच्या तीन काट्यांसकट. कात आगपेटीत ठेवली होती. तिचे दोन पाय मोडले.

गेल्या आठवड्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवे जाळे दिसले. मध्यावर बसलेली मादी आधीचीपेक्षा लहान आणि तांबूस आहे, पोटाच्या खांद्यांवर दोन उंचवटे असल्यासारखे वाटतात, पण ते सावलीमुळेही असेल. भाचीने हाक मारली तेव्हा मी भिंग घेऊन बाहेर गेलो. जाळे वाऱ्याने हलत होते. ती खुर्चीवर चढून, एक डोळा मिटून, पुष्कळ वेळ भिंग पुढे-मागे करत राहिली.

'आडवी?' मी विचारले.

'थांब ना मामा,' ती म्हणाली. 'हलतेय अजून.'